दादा, एप्रिलमधले तुझे पायमोजे

दादा,

पाळकसाहेबांचा फोन आला होता. येत्या रविवारी तुझ्यासाठी स्मरणाची उपासना ठेवली आहे आणि घरच्यांच्या वतीने मी पाच-दहा मिनिटं बोलायचं आहे. विषयही त्यांनीच देऊन टाकला, दादांची नम्रता. "सिस्टर, तुम्ही बोललात तर लोकांच्या मनाला भिडेल," म्हणाले. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आज शुक्रवार. तीन दिवस झाले, वहीचं पान कोरंच आहे, कारण जे लिहायला बसते ते चर्चमध्ये बोलण्यासारखं निघत नाही. म्हणून आधी तुझ्याशीच बोलून घेते. तू ऐकून तरी घेशील. तेवढं तू आयुष्यभर केलंस.

तुला माती देऊन सतरा दिवस झाले. त्या दिवशी इतकी माणसं आली की चर्चच्या पत्र्याखाली मावेनात, निम्मी बाहेर लिंबाखाली उभी होती. शाळेतले जुने हेडमास्तर आले, सरपंच आले, पाटलांच्या घरचेही आले. आणि जो तो एकच बोलत होता. "शेवटपतुर कुनाला तरास दिला न्हाई बघा माणसानं." कबरीच्या कडेला उभी राहून मी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, तरास दिला असता तर आज तो इथे तुमच्यात उभा असता.

परतताना शेवंताबाईने माझा हात धरला. चर्चमागच्या घरातली, आपल्या मंडळीतली, कितीतरी वर्षं साखरेच्या आजारावरच्या गोळ्या खाते ती. डोळे पुसत म्हणाली, "ताई, मी बी दादांकडूनच शिकले. पायाला मुंग्या येत्यात, आग व्हती, पन पोरांना एक सबुद सांगत न्हाई. सोसायचं अन् गप ऱ्हायचं." तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी खाली तिच्या पायांकडे बघितलं, पण तेवढ्यात मागून माणसं भेटायला आली आणि ती चालू लागली.

तेव्हापासून मला झोप नाही. रविवारी मी तुझी नम्रता वर्णन केली तर शेवंताबाई आणखी घट्ट तोंड मिटणार. आणि खरं बोलले, की त्या नम्रतेनेच तुझा जीव घेतला, तर ज्यांनी तुला डोक्यावर घेतलंय त्यांच्यासमोर मी सख्ख्या भावाची अब्रू काढल्यासारखं होणार. तुझं नाव आणि शेवंताबाईचे पाय, यातलं एक काहीतरी मला निवडायचं आहे. सांग, काय करू?

आपलं हे भांडण काही आजचं नाही. तुला पाटलांच्या घरचं ते लग्न आठवतं ना. मंडपात खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या आणि तू जाऊन बसलास चपला काढतात तिथे, सतरंजीच्या पार टोकाला. मी तुझा दंड धरून ओढला.

"कावून हितं बसलास? फुडं जागा हाय की."

"येशूनंच सांगितलंय. लग्नाला बोलावलं तर खालच्या जागेवर बसावं."

"त्या गोष्टीत घरचा मालक येतो अन् वर चल म्हनतो. तुला आजपतुर कुनी म्हनलंय का, वर चल म्हनून?"

"म्हनंल की कवातरी."

तू हसत होतास म्हणून माझा भडका उडाला. मग मी जे बोलले ते भर मंडपात बोलायचं नव्हतं. "आपला आजाबी हितंच बसायचा, चपलांपाशी. त्याला कुनी नम्र म्हनलं का?"

तू हसायचा थांबलास. बाजूच्या माणसाने मान वळवली. तू माझ्याकडे न बघता हळू म्हणालास, "आजाला बसवलं व्हतं, सरू. मी बसतो. लई फरक हाय."

 घरी पोचल्यावर सुचलं, की बघणाऱ्याला हा फरक दिसतो का? आजा बसला काय आणि तू बसलास काय, पाटलाच्या नजरेला एकच चित्र. दुसऱ्या दिवशी तुला गाठून मी तसं विचारलंही. तू शाळेत शिपाई, घंटा पुसत होतास. म्हणालास, "बघनाऱ्यासाठी बसतच न्हाई मी." मला राग याचा यायचा की तुझं उत्तर नेहमी माझ्यापेक्षा आखूड असायचं आणि माझ्यापेक्षा बरं.

नम्रतेवर प्रवचन ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो, हे तुला ठाऊक होतं. बीडच्या त्या सभेत बाहेरगावचे प्रचारक आले होते, व्यासपीठावर सोफा, पाण्याच्या बाटल्या, आणि खाली सतरंजीवर आपण सगळे. तासभर ते आपल्याला लीन व्हा, लीन व्हा सांगत होते. शेवटी पौलाचं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं ते तुझं लाडकं पान काढलं, ख्रिस्ताने आपला मोठेपणा उतरवून ठेवला आणि गुलामाचं रूप घेतलं ते. परतीच्या एसटीत मी तुला म्हटलं, "तो वरून खाली आला, दादा. आपन खालीच व्हतो. आपन आनखी किती खाली यायचं?"

वडवणी येईस्तोवर तू खिडकीबाहेर बघत होतास. मला वाटलं, जिंकले एकदाची. उतरताना म्हणालास, "खालीच व्हतो म्हनून तर त्याची गाठ पडली."

तरी मी हार मानली नाही. मी तुला मोशे काढून दाखवला. पृथ्वीवरचा सगळ्यांत नम्र माणूस असं शास्त्रच त्याला म्हणतं, आणि तोच फारोच्या तोंडावर जाऊन माझे लोक सोड म्हणाला. येशूला प्रमुख याजकाच्या वाड्यात शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प नव्हता बसला, का मारलंस म्हणून विचारलं त्याने. पौलाला तुरुंगातून गुपचूप निघून जा म्हटलं तर तो म्हणाला, चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. "नम्र मानसाला तोंड असतं, दादा," मी म्हणायची. तू म्हणायचास, "तू नर्स कावून झालीस? वकील व्हायचीस." आणि विषय संपला. हे भांडण तू कधी पुरतं होऊच दिलं नाहीस. हार मान्य केली नाहीस आणि जिंकायलाही आला नाहीस.

तुला आठवत नसेल, पण नर्स तूच केलंस मला. शाळा तू सोडलीस, शिकले मी. सायकलच्या कॅरिअरला माझी ट्रंक बांधून वडवणीच्या स्टँडवर तूच पोचवलंस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या पाठीवरची जखम उघडली आणि मला उलटी झाली, तीही त्याच्या डोळ्यांदेखत. मी तुला रडून पत्र लिहिलं की मला हे जमणार नाही, न्यायला ये. तू आलास खरा, पण न्यायला नाही. हॉस्टेलच्या बाहेर बाकावर बसून, आईने दिलेल्या दशम्या मला खायला लावल्यास आणि म्हणालास, "तुला घान वाटली त्यापरीस त्याला लाज लई वाटली असंल. जखमेकडं बघूच नको. त्याच्या तोंडाकडं बघून आदी त्याची लाज काढ." तीस वर्षं मी त्या एका वाक्यावर नोकरी केली. कडा गावाकडच्या आरोग्य उपकेंद्रात बाया मला काय काय दाखवतात, नवऱ्याला न दाखवलेलं दाखवतात. ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. प्रत्येक वेळी वाटलं, सांगू पुढच्या भेटीत.

आणि दादा, ज्याला दुसऱ्याच्या लाजेचं एवढं कळत होतं, त्याने स्वतःची लाज एवढी कुलपात ठेवावी?

गुरुवारबद्दल बोलायला हवं आता. टाळत होते.

शुभ शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी पाय धुवायचे, ही रीत बऱ्याच मंडळ्यांत आहे, येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. मोठ्या चर्चमध्ये निवडक माणसं खुर्च्यांवर बसतात, पाळक चार थेंब पाणी टाकतात, रुमालाने टिपतात. पाय घरूनच धुऊन आणलेले असतात. तुझं तसं नव्हतं. आपली अर्धी मंडळी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते आणि कारखाने बंद झाले की मार्च-एप्रिलमध्ये परत येते, नेमकी त्याच सुमाराला. तेव्हा तुझ्यासमोर बसायचे ते चार-पाच महिने पाचटातून चाललेले पाय. टाचांच्या भेगांत बोट जाईल, नखं काळी पडलेली, कोयता निसटून झालेल्या खुणा. तू चर्चमागे चुलीवर हंडा चढवायचास, पाण्यात मीठ टाकायचास, कमरेला टॉवेल गुंडाळून परातीसमोर गुडघ्यांवर बसायचास. वजरीने टाचा घासायचास, मग एरंडेल लावायचास. एकेका माणसाला किती वेळ लागायचा. माणसं पाय मागे ओढायची.

"दादा, ऱ्हाऊ द्या. लई घान हायेत."

"घान हायेत म्हनून तर पानी तापवलंय."

एका वर्षी मीटिंगमध्ये ज्याने तुला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या तो माणूस रांगेत बसला होता, तर तू त्याच्या टाचा दोनदा घासल्यास. मी नंतर म्हटलं, सूड घेतलास होय? तू खो खो हसलास. मी खरं सांगते, बायबलमधली नम्रता कुणी मला विचारली तर मी आजही तीच परात दाखवीन. प्रवचन ऐकून मला काही कळलं नाही. तुला गुडघ्यांवर बघून कळलं.

पण तुझ्या पायांना त्या परातीत कधी जागा नव्हती. दरवर्षी सगळ्यांचे झाले की मी म्हणायची, आता तू बस, मी धुते. आणि तू उठून पाणी ओतून द्यायचास. "मी मंडळीचा वडील हाय. मी धुतो, धुवून घेत न्हाई." मी म्हणायची, पेत्रही असंच म्हणाला होता, माझे पाय कधीच धुवायचे नाहीत म्हणून, आणि येशूने त्याला काय सुनावलं? की मग तुझा माझा संबंध नाही. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. "पेत्राला कळलं शेवटाला. मी आजून त्याच्या पयल्या वाक्यावरच हाय." लोक हसायचे. मीही हसायची.

यंदाच्या गुरुवारी तू पायमोजे घातले होतेस. एप्रिलचा महिना, पत्रा तापलेला, आणि तुझ्या पायांत करडे पायमोजे, वरून कॅनव्हासचे बूट. जन्मभर चपला घालणारा माणूस. मी बघितलं, दादा. माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि मी काय केलं? मी थट्टा केली. "काय रे, साहेब झालास जनू! कुनी दिलं भेट?" तू म्हणालास, "वय झालं, पाय गार पडत्यात." बीड जिल्ह्यात एप्रिलमध्ये पाय गार पडत नसतात, हे कळायला नर्स असावं लागत नाही. तुझी साखर मीच पहिल्यांदा तपासली होती. रोज तळव्यांना आरसा लावून बघत जा, साखरेत जखम दुखत नाही म्हणून कळत नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. आणि त्या दिवशी मला गाडी गाठायची होती. बीडला बदलून कड्याला पोचायचं, दुसऱ्या दिवशी ड्यूटी. मी एरंडेलाची बाटली झाकण लावून ठेवली आणि निघाले.

जूनमध्ये वहिनींचा फोन आला. "ताप हाय दोन दिवस. अन् वास येतूया." मी आले. तू पलंगावर पडून होतास, मला बघून पाय चादरीत ओढलास. मी पायमोजा कापून काढला, कारण तो सोलून निघत नव्हता. पुढचं मी तुला सांगत नाही, तुला माहीत आहे. चपलेतला एक बारीक खिळा, त्याने झालेला फोड, तुला न दुखलेला, आणि त्यावर तू हळद भरून चिंधी बांधत राहिलास. फेब्रुवारीपासून! वहिनींना ठाऊक होतं. तूच त्यांना सरूला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतंस, सरू रजा काढून येईल, तिच्या पेशंटचं कोण बघील.

संभाजीनगरच्या दवाखान्यात नेताना गाडीत मी तुला विचारलं, का केलंस असं. ग्लानीतही तू नीट बोललास. "लोक फाटके पाय घिऊन येत्यात, सरू. तुला म्हायती हाय कसले पाय असत्यात ते. त्यांच्यात मी माझ्या एका फोडाचं काय सांगत बसू?"

मी म्हटलं, "ही नम्रता न्हाई. हा गर्व हाय तुझा. सगळ्यांनी तुझ्यासमोर पाय काढायचे अन् तू कुनाफुडं न्हाई काढायचा." तू डोळे मिटून घेतलेस. हे आपलं शेवटचं भांडण. ते मी जिंकले. जिंकून काय मिळालं ते विचारू नकोस.

गुडघ्याखालून पाय काढला. तरी विष रक्तात गेलेलंच होतं.

आता जे लिहिते ते कुणालाच माहीत नाही. वहिनींनाही नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी तुझ्या खाटेपाशी औषधांची चिठ्ठी वाचत उभी होते. सहा दिवस पाठ टेकली नव्हती आणि तुझ्यावरचा राग उतरला नव्हता. तू हाक मारलीस. आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. म्हणालास, "सरू, एक उरलाय. तेवढा धू."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आता? इतकी वर्सं म्हनत व्हते तवा न्हाई सुचलं? आता काय उपेग?" आणि इंजेक्शन आणायला खाली निघून गेले. जाताना मला तुझा आवाज आला. तू "बरं" म्हणालास.

वर आले तर तुझ्या खाटेभोवती डॉक्टर होते, पडदा ओढलेला होता, घशात नळी घातली होती. त्यानंतर तू बोलला नाहीस. दोन दिवसांनी गेलास.

गेल्यावर मी तुला धुतलं. पण त्याला मी धुणं म्हणत नाही. कितीतरी मयतांना मी असं स्वच्छ केलंय, हात आपोआप चालतात. तू मागितलंस तेव्हा धुतलं नाही, हे तसंच राहणार.

इतकी वर्षं मी तुला पेत्राची गोष्ट सांगून डिवचत होते. त्या सहाव्या दिवशी तू त्या गोष्टीच्या शेवटाला पोचला होतास, रे. तू पाय पुढे केलास. तुझ्यासाठी त्याहून अवघड काही नव्हतं, आणि तू ते केलंस. परातीसमोर बसायचं होतं मी, आणि माझेच गुडघे वाकले नाहीत. माझं म्हणणं खरं ठरलं होतं ना! तो ताठा मला सोडवेना. मग गर्व कुणाचा होता, दादा? तुला विचारते आहे आणि उत्तर ऐकायची माझी हिंमत नाही. तुझ्याकडे असतंच एक आखूड उत्तर.

वहीचं पान अजून कोरं आहे. उद्या गावी येते.

*

रविवार, दुपार.

दादा, मी बोलले.

चर्च भरलं होतं. आधी हेडमास्तर बोलले, मग सरपंच. मग मी उभी राहिले आणि तुझी परात सांगितली, वजरी सांगितली, दोनदा घासलेल्या टाचा सांगितल्या. लोक हसले, डोळे पुसू लागले. तिथे थांबता आलं असतं. पाळकसाहेबांच्या तोंडावर समाधान होतं.

मग मी म्हटलं की माझ्या भावाने तुमचे पाय धुतले ती नम्रता होती. स्वतःचा पाय चार महिने लपवला ती नम्रता नव्हती, आणि ती तुम्ही त्याच्याकडून शिकू नका. येशूने पाय धुतले, पण त्याआधी एका बाईला स्वतःचे पाय आसवांनी धुऊ दिले, पुसू दिले, आणि जेवणाला बसलेली माणसं नाकं मुरडत होती तरी पाय मागे घेतले नाहीत. दुसऱ्यापुढे वाकणं अर्धी नम्रता आहे. आपलं दुखणं दुसऱ्याच्या हातात देणं ही उरलेली अर्धी. ती माझ्या भावाला शेवटच्या आठवड्यात साधली, आणि त्याने पाय पुढे केला तेव्हा मी, त्याची नर्स बहीण, तो धुतला नाही. हे सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, जशी झाली तशी. 

कुणीही आमेन म्हटलं नाही. मागच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या मानसाचं असं काढू ने." पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं.

उपासना झाल्यावर मी चर्चच्या मागच्या खोलीत स्टूल मांडलं, साखर तपासायचं मशीन आणि ड्रेसिंगचं सामान ठेवलं आणि निरोप धाडला, ज्यांना साखर आहे त्यांनी येऊन पाय दाखवा. बराच वेळ कुणीच आलं नाही. मला वाटलं, तुझं नाव घालवलं आणि हाती काहीच लागलं नाही. मग शेवंताबाई आली. चप्पल काढायला तिने फार वेळ लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, तू सांगितलं होतंस तसं. उजव्या पायाच्या दोन बोटांमध्ये चिघळलेलं होतं, चवलीच्या नाण्याएवढं. वेळेत आहे. पाय वाचेल. मी साफ करून पट्टी बांधली आणि तिच्या मुलाला आत बोलावून तिच्यादेखत सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली, मग रडली. तिच्यामागून बाकीचे आले, एकेक करून, मान खाली घालून.

वहिनी सगळ्यांच्या शेवटी आल्या. मला वाटलं, जेवायला बोलवायला आल्या असतील. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"पाय दाखवा," मी म्हटलं.

"पायाला काय झालं न्हाई."

त्यांनी माझा हात धरला आणि पदराआड नेऊन डाव्या छातीशी, काखेच्या बाजूला ठेवला. गाठ होती. लिंबाएवढी, टणक, जागची न हलणारी. तीस वर्षांची नोकरी आहे माझी, दादा. बोटं लगेच ओळखतात.

"कवापासून?"

"दिवाळीच्या आदूगर."

"दादाला ठावं व्हतं?"

"न्हाई. आदी लई बारीक व्हती. मग त्यांच्या पायाचं लागलं. म्हनलं, मधीच माझं कशाला?"

एका खोलीत, एका पलंगावर निजायचात तुम्ही दोघं. तू वहिनींना सरूला सांगू नको म्हणून बजावत होतास आणि तेव्हा त्या तुला काही सांगत नव्हत्या. आणि मी एप्रिलमध्ये तुमच्या घरी जेवून, हात पुसून गाडी गाठायला निघाले होते.

मी त्यांना जवळ घेतलं. लहान पोरीसारख्या हलक्या लागल्या. म्हणाल्या, "तुमी मगाशी बोललात म्हनून दाखवलं. न्हाईतर मी न्हाई दाखवणार व्हते." लाजेने त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघतो आहोत. आत्ता पलीकडे त्या पिशवी भरताहेत, आणि भरता भरता मला म्हणताहेत की सोमवार आहे, दवाखान्यात गर्दी असंल, लांबून लांबून आलेले असत्यात बिचारे, आदी त्यांचं होऊ द्यावं, आपलं बघू सावकाश. अगदी तुझाच आवाज. मी म्हटलं, नाही. उद्या त्या रांगेत मी कुणालाही वहिनींच्या पुढे जाऊ देणार नाही, दादा. तुला वाईट वाटलं तरी चालेल.